आठ ताली आणि एक वाट : घरामागच्या दगडी चक्रव्यूहाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापूर आणि अहिल्यानगर जिल्ह्यांच्या सीमेवरचं तालुक्याचं गाव, आणि गावाबाहेर शेतातच बांधलेलं घर. घरात निवृत्त जोडपं. त्यांना इथे काका आणि काकू म्हणू. काका ६९ वर्षांचे, काकू ६६. काकूंच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आणि हातात काठी. डॉक्टरांनी रोज सपाटीवर चालायला सांगितलं होतं, पण घरासमोरच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची ये-जा. घरामागे मात्र उत्तर-दक्षिण ३६ फूट आणि पूर्व-पश्चिम ४० फूट जागा मोकळी होती, म्हणजे सव्वा गुंठ्याहून थोडी जास्त. जमीन काळी, भारी. उतार घराकडून मागच्या कुंपणाकडे, डोळ्याला न दिसणारा.

काकांच्या मनात तिथे दगडी चक्रव्यूह करायचा होता. नातेवाइकांनी लगेच अभिमन्यूची आठवण करून दिली. ती इथे लागू नाही. भूलभुलैयात फाटे असतात, माणूस चुकतो. या आकृतीत, म्हणजे लॅबिरिंथमध्ये, एकच वाट असते. ती वळत वळत मध्यापर्यंत जाते आणि त्याच वाटेने परत बाहेर येते. फाटा नाही, चकवा नाही. गोव्यात सांगे तालुक्यात उसगाळीमळला कुशावती नदीच्या काठी जांभ्यावर अशी आकृती कोरलेली आहे. ती १९९३मध्ये अभ्यासकांच्या नजरेत आली. सोलापूरजवळ बोरामणीच्या गवताळ माळावर लहान दगडांनी मांडलेली, १५ फेऱ्यांची, सुमारे ५० फूट व्यासाची आकृती सापडल्याची बातमी २०२५च्या अखेरीस आली. तेव्हा ही कल्पना आपल्याकडे परकी नाही. मात्र उसगाळीमळची आकृती कातळावर आहे आणि बोरामणीची माळावर. काळ्या रानात ती मांडली की काय होतं, हे या प्रकरणातून दिसतं.

आकृतीची मापं

पुढचं सगळं समजायला एक शब्द ठरवून घेऊ. एका दगडी ओळीच्या मध्यापासून पुढच्या ओळीच्या मध्यापर्यंतचं अंतर म्हणजे ‘गाळा’. चालायला मिळणारी जागा म्हणजे गाळा वजा दगडाची जाडी. बहुतेक चुका इथेच होतात.

पारंपरिक सात फेऱ्यांच्या आकृतीला दगडांच्या आठ ओळी लागतात. तिची रुंदी १५ गाळे, उंची साडेतेरा गाळे. दगडी ओळींची एकूण लांबी सुमारे १७९ गाळे आणि आत जाण्याची वाट सुमारे १५५ गाळे. म्हणजे २ फुटांचा गाळा धरला तर जागा ३० फूट बाय २७ फूट, दगड ३५८ फूट आणि एका बाजूची चाल ३१० फूट.

तीन फेऱ्यांची धाकटी आकृती चार ओळींची असते. रुंदी ७ गाळे, उंची साडेसहा, दगडी ओळी सुमारे ४५ गाळे, वाट सुमारे ३३ गाळे.

दोन्हींचा सांगाडा सारखाच. खालच्या बाजूला तोंड, मध्ये फुली, आणि फुलीच्या वरून एकात एक बसलेल्या कमानी. या कमानी उताराच्या कोणत्या बाजूला येतात यावर सगळं अवलंबून आहे. पण मेमध्ये काम सुरू झालं तेव्हा हा प्रश्न कुणी विचारला नाही.

पहिली मांडणी

शेतातून आणि ओढ्यातून दोन ट्रॉल्या धोंडे आले. त्यात बांधावरचा एक लांबट, घडवलेला दगडही आला. तिसऱ्या दिवशी शेजारचे शेतकरी येऊन उभे राहिले, कारण तो हद्दीचा दगड होता. तो परत नेऊन होता तिथे रोवला आणि प्रकरण चहावर मिटलं. बांधावरचा, देवाचा, वीरगळाचा किंवा घडाई केलेला कुठलाही दगड बागेसाठी उचलू नये. ओढ्यातले आणि नांगरटीत वर आलेले धोंडे पुरेसे असतात.

आकृती सात फेऱ्यांची ठरली. आखणीत दोन चुका झाल्या.

पहिली चूक गाळ्याची. ‘दोन फूट’ म्हणजे दगडाच्या कडेपासून कडेपर्यंत, असं मजुरांनी धरलं. दगड सरासरी ८ इंच जाड, त्यामुळे खरा गाळा ३२ इंचांचा झाला. १५ गाळ्यांना ४० फूट लागतात आणि जागा होती ३६. हे बाहेरच्या ओळींपर्यंत पोहोचल्यावरच कळलं. मग शेवटच्या तीन फेऱ्या दाबून वाट १६ इंचांवर आणली. तरीही बाहेरची ओळ मेंदीच्या कुंपणाला टेकली.

दुसरी चूक खुंटीची. सगळ्या कमानी फुलीच्या मध्यावर एकच खुंटी ठोकून मारल्या. या आकृतीत कमानींचा मध्य फुलीवर नसतो. तो फुलीच्या वरच्या टोकापासून अर्धा गाळा उजवीकडे असतो. त्यामुळे उजवीकडच्या ओळी आपापल्या टोकांना जुळेनात. जुळवण्यासाठी दगड हातानेच सरकवले, आणि दोन ठिकाणी वाट कोपऱ्यासारखी मोडली.

दगड दोन थरांत रचले, कारण एका थरात ‘उठाव येत नव्हता’. खाली काहीच घातलं नाही. मेमध्ये काळी जमीन दगडासारखी टणक असते. हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असल्या तरी वरून ती पक्की वाटते. तोंड पश्चिमेला, स्वयंपाकघराच्या दारासमोर ठेवलं. म्हणजे तोंड चढाला आणि कमानी उताराला.

पावसाळ्यात काय झालं

जूनच्या दुसऱ्या मोठ्या पावसानंतर आतल्या चार फेऱ्यांत पाणी उभं राहिलं आणि दोन दिवस हललं नाही. जुलैपर्यंत भेगा मिटल्या, माती फुगली, आणि दगड एकसारखे न राहता काही आत गेले, काही तिरपे झाले. वरच्या थरातले बरेच वाटेत पडले. बाहेरच्या १६ इंची फेऱ्यांत काठी टेकायला जागा नव्हती, म्हणून काकूंनी तिथे जाणं जूनमध्येच सोडलं होतं.

मग गवत. लव्हाळा दगडांच्या बुडातून वर आला. तो उपटला की पाती हातात येतात आणि गाठ जमिनीत राहते. आठवड्यात पुन्हा उभा. बाहेरच्या कडेने गाजरगवत आलं. ते फुलायच्या आत, हातमोजे घालून, मुळासकट उपटावं लागतं, नाही तर अंगाला खाज आणि पुढच्या वर्षी दुप्पट रोपं. ऑगस्टमध्ये कुणाच्या तरी सल्ल्याने वाटेवर काळा प्लास्टिक कागद अंथरला. गवत दबलं, पण पाणी आता कागदावर साठू लागलं, शेवाळ धरलं, आणि काकांचा पाय घसरला. सुदैवाने नुसतं खरचटलं.

शेवटचा धक्का विंचवाचा. दोन थरांच्या दगडांत पोकळ्या राहतात. वरचा धोंडा सरळ करायला गेलेल्या मजुराच्या बोटाजवळ विंचू निघाला. या भागात फुरसंही असतं. भोवती चुन्याची फक्की टाकली की साप-विंचू येत नाहीत हा समज आहे; त्याने काही होत नाही. पोकळी ठेवली नाही आणि गवत आखूड ठेवलं तर त्यांना थांबायचं कारण राहत नाही. दगड हलवायचा तर पहारीने उलटायचा, खाली बोटं घालून नाही.

पाणी अडत होतं ते कशाने

पहिलं निदान ‘काळी जमीन वाईट’ असं झालं. ते अर्धंच खरं होतं.

लॅबिरिंथमध्ये माणसाला जशी एकच वाट, तशी पाण्यालाही एकच. मध्यात पडलेला थेंब बाहेर जायचा तर त्याला सगळ्या फेऱ्या उलट्या कराव्या लागतात, किंवा दगडांखालून झिरपावं लागतं. इथे तोंड चढाला होतं, म्हणजे ती एकमेव वाटही वरच्या अंगाला उघडत होती. आणि उताराला आठ कमानी, एकात एक. पाणलोटाच्या कामात झाडाभोवती पाणी अडवायला अर्धचंद्राकृती बांध घालतात, तेच इथे आठ वेळा झालं होतं. काकूंनी पहिल्याच महिन्यात म्हटलं होतं, “अहो, ह्या आठ ताली घातल्यात तुम्ही.” ताली म्हणजे शेतात पाणी अडवणारे बांध. ते बोलणं हसण्यावारी गेलं.

त्यात भर गच्चीच्या पाण्याची. गच्ची सुमारे ९०० चौरस फूट. ५० मिलिमीटरचा एक पाऊस झाला की तिच्यावरून चार हजार लिटरहून जास्त पाणी उतरतं. गच्चीचा पाइप तोंडापासून सहा फुटांवर मोकळा सुटला होता.

सप्टेंबरच्या परतीच्या पावसात, जो या पट्ट्यात सगळ्यात जोराचा असतो, एक साधं काम केलं. पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासाने जिथे पाणी उभं होतं तिथे तुराटीचे तुकडे रोवले आणि फोटो काढून ठेवले. जवळजवळ सगळ्या काड्या कमानींच्या आतल्या अंगाला होत्या. पुढचे निर्णय या फोटोंवरून झाले.

समोर असलेले पर्याय

जुलैतच दुरुस्ती करावी असा काकांचा आग्रह होता. गवंड्याने नकार दिला, आणि तो बरोबर होता. ओल्या काळ्या जमिनीत फावडं घातलं की चिखलाचे ढेपे होतात आणि सुकल्यावर विटा. वापसा येईपर्यंत, म्हणजे जमीन काम करण्याइतकी सुकेपर्यंत, थांबायचं ठरलं. म्हणजे काम दिवाळीनंतर.

तोवर चार पर्यायांवर बोलणं झालं.

एक, आहे तेच ठेवायचं आणि दर पावसाळ्यानंतर दगड सरळ करायचे. खर्च सगळ्यात कमी. पण पाणी तिथेच राहणार, आणि वर्षातले चार महिने जागा वापरात नाही. तरुण घरात हे चाललं असतं.

दोन, दगड सिमेंटात बसवायचे आणि वाटेवर पेव्हर ब्लॉक. दिसायला नेटकं. पण काळी जमीन ओली-सुकी होताना वर-खाली होतच राहते. कडक सांधा तिच्याबरोबर हलत नाही, तडकतो. शिवाय आज दगडांच्या फटींतून जे थोडंफार पाणी जात होतं तेही बंद झालं असतं. या जागी हा पर्याय सगळ्यात महाग आणि सगळ्यात चुकीचा होता, असं आमचं मत.

तीन, काळी माती काढून मुरमाचा भराव, आणि त्यावर सात फेऱ्या नीट २ फुटांच्या गाळ्याने. काकांची पसंती याला.

चार, तोच भराव, पण तीन फेऱ्या आणि ४ फुटांचा गाळा.

दगड अजिबात न उठवता जमिनीलगत बसवून भोवती हिरवळ लावावी, अशीही एक सूचना होती. बाहेरच्या पुस्तिकांत हेच लिहिलेलं असतं. जिथे उन्हाळ्यात पिण्याचं पाणी टँकरने येतं तिथे हिरवळीवर चर्चा लांबली नाही.

फक्कीवरची चाल

तीन आणि चारमधला निर्णय कागदावर होत नव्हता. काकांचं म्हणणं, सात फेऱ्यांत एका बाजूला ३१० फूट चाल मिळते, तीन फेऱ्यांत १३२. “तीन फेऱ्या म्हणजे सुरू होते न होते तोच संपते.” काकूंचं म्हणणं, २ फुटांच्या गाळ्यात दगड वजा जाता १६ इंच उरतात, काठी कुठे टेकू?

बोरामणीच्या मापांतून भागाकार केला तर तिथलाही गाळा पावणेदोन फुटांहून जास्त भरत नाही. तेव्हा अरुंद वाट ही काही चूक नव्हे. ती एकामागे एक, धडधाकट माणसांनी चालायची रीत आहे. प्रश्न इथे कोण चालणार आहे, हा होता.

मैदान आखायच्या फक्कीने दोन्ही आकृत्या अंगणात आळीपाळीने आखल्या आणि प्रत्येकीवर चार-चार दिवस चालून पाहिलं. त्यात तीन गोष्टी समजल्या. काकूंना काठीसकट वळायला किमान ३ फूट मोकळे लागतात. सात फेऱ्यांच्या आकृतीत मध्य फक्त एक गाळा रुंद असतो, म्हणजे २ फूट. तिथे पोहोचून माणूस वळतानाच अवघडतो, बसणं दूरच. आणि तिसरी, जी कुणाच्या लक्षात आली नव्हती : दोघं एकदम चालत असतील तर एक आत जाताना आणि दुसरा बाहेर येताना समोरासमोर येतात. १६ इंचांत एकाला दगडावर चढावं लागतं.

तीन फेऱ्या, ४ फुटांचा गाळा, असं ठरलं. मोकळी वाट ३ फूट ४ इंच. दगडी ओळ ३५८ फुटांऐवजी १८० फूट. अडवणाऱ्या कमानी आठाऐवजी चार.

दुसरा निर्णय तोंडाचा. आकृती उलटी फिरवून तोंड पूर्वेला, उताराच्या बाजूला नेलं. कमानी घराकडे, चढाला आल्या. वरून येणारं पाणी बाहेरच्या कमानीवर आदळून दोन बाजूंना फुटतं आणि आतलं पाणी तोंडाकडे उतरतं. किंमत एवढीच की स्वयंपाकघरातून निघालं की कुंपणाच्या कडेने वळसा घालून तोंडाशी जावं लागतं. काकू आधी नाखूश होत्या. चाल कमी पडते म्हणणाऱ्या काकांना तोच वळसा पटला.

दुसरी मांडणी

सगळे दगड काढून बाजूला रचले. ३० बाय २८ फूट जागेतली ८ इंच काळी माती उचलली. साडेपाच ब्रासच्या वर निघाली (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). ती परसातल्या लिंबांना आणि शेवग्याला गेली. एवढ्या खोलीबरोबर लव्हाळ्याच्या बहुतेक गाठीही निघून जातात, हा मोठा फायदा.

खड्ड्याचा तळ सपाट ठेवला नाही. पश्चिमेकडून पूर्वेला ६० फुटांना १ फूट उतार दिला, म्हणजे २६ फुटांत साधारण ५ इंच. हा लेव्हल ट्यूबने, म्हणजे पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने, तपासला. डोळ्याने उतार ठरवणारा गवंडी कितीही जुना असला तरी कुंपणाची ओळ डोळ्याला फसवते.

तळावर २ इंच कच (दगडाचा बारीक चुरा), धुम्मसाने ठोकून. हा थर नसला तर ओली काळी माती हळूहळू वरच्या मुरमात घुसते. त्यावर मुरूम ६ इंच, पण एकदम नाही. ३ इंचांचे दोन थर, प्रत्येकावर हलकं पाणी शिंपडून प्लेट व्हायब्रेटर. ६ इंच दबलेल्या थराला ४२० घनफूट लागतात. सुटा मुरूम दबताना बसतो, म्हणून साडेपाच ब्रास मागवला आणि तो पुरला. मुरूम वाहतुकीच्या पावतीसह घ्यावा. पावती नसलेल्या ट्रॉलीवर कारवाई झाली तर काम अर्ध्यात अडकतं.

एवढ्या भरावाने खालची काळी जमीन फुगायची थांबत नाही. ती थोडी कमी आणि जास्त एकसारखी हलते, इतकंच. म्हणून दगड सुटेच बसवायचे, सिमेंट कुठेही नाही.

आखणी अशी केली. तोंड आपल्याकडे आहे असं धरून उभं राहायचं.

८ फुटांचा चौरस आखून त्याच्या मध्यावर ८ बाय ८ फुटांची फुली, म्हणजे प्रत्येक हात ४ फूट. चौरसाच्या चार कोपऱ्यांवर चार ठिपके, प्रत्येकावर खुंटी. पाचवी, मुख्य खुंटी फुलीच्या वरच्या टोकापासून २ फूट उजवीकडे, म्हणजे टोक आणि उजवा वरचा ठिपका यांच्या बरोबर मध्ये.

मुख्य खुंटीवरून वरच्या बाजूला चार अर्धवर्तुळं : २, ६, १० आणि १४ फूट त्रिज्येची. पहिलं फुलीचं टोक आणि उजवा वरचा ठिपका यांना जोडतं. तिथे ते संपलं. दुसरं डावीकडे थेट वरच्या ठिपक्यावर उतरतं. बाकीच्या टोकांना पाव-वर्तुळं लागतात. डाव्या वरच्या ठिपक्यावरून तिसऱ्या ओळीला ४ फूट (ती फुलीच्या डाव्या हाताला मिळते) आणि चौथीला ८ फूट (ती डाव्या खालच्या ठिपक्याला मिळते). उजव्या वरच्या ठिपक्यावरून दुसरीला ४ फूट (फुलीच्या उजव्या हाताला), तिसरीला ८ फूट (उजव्या खालच्या ठिपक्याला) आणि चौथीला १२ फूट. ही चौथी अजून संपत नाही. ती उजव्या खालच्या ठिपक्याच्या खाली ४ फुटांवर येते. तिथून तो ठिपका मध्य धरून ४ फुटांचं आणखी एक पाव-वर्तुळ मारलं की ती फुलीच्या खालच्या टोकाला मिळते. डावा खालचा ठिपका आणि फुलीचं खालचं टोक यांच्यामधली ४ फूट जागा हे तोंड.

आकृती फुलीपासून डावीकडे १२ फूट, उजवीकडे १६, वर १८ आणि खाली ८ फूट पसरते. म्हणून फुली जागेच्या मध्यावर ठेवायची नसते. ठेवली तर उजवी आणि वरची बाजू कुंपणाबाहेर जाते.

सुतळी वापरू नये; ओढली की ताणते आणि १४ फुटांवर दोन-तीन इंच फरक पडतो. इथे बारीक तार वापरली. आखल्यावर दगड लावण्याआधी वाट एकदा चालून पाहायची. मध्यापर्यंत न अडता पोहोचलात तर आखणी बरोबर. क्रम असा येतो : आधी सगळ्यात बाहेरची फेरी, मग मधली, मग आतली, आणि मग मध्य, जिथे ४ फूट रुंद आणि साधारण ६ फूट लांब जागा मिळते.

दगड ९ ते १० इंच उंच, एका बाजूला बूड असलेले. १८० फुटांना सरासरी ९ इंच लांबीचे २४० लागतात. जुन्या ढिगातून ३०० निवडले आणि साठेक नापास झाले, बहुतेक गोलाईमुळे. मुरमात ३ इंच चर, दगड बसवून दोन्ही बाजूंनी कच ठोकून भरली, खाली पोकळी राहणार नाही अशी. मग वाटेवर २ इंच कच. दगड जवळजवळ निम्मा जमिनीत, ४ ते ५ इंच वर.

वाटेवर आधी २० मिलिमीटरची खडी घालायचं ठरलं होतं, कारण ती स्वच्छ दिसते. एका कोपऱ्यात टाकून पाहिली, तर काठीचं टोक रुतलं. कच दाबली की घट्ट बसते, काठीला आणि चप्पल घातलेल्या पायाला चालते.

ओळींमधून पाण्याला वाट हवी होती. फुलीच्या आडव्या हातात, मध्याच्या दोन्ही बाजूंना, एकेक ४ इंचांची खिंड ठेवून ती खडीने भरली. या दोन नसत्या तर मध्यात आणि त्याच्या डावीकडच्या वळणात पाणी साठलं असतं, कारण आडवा हात उतारावर आडवा येतो. खडी भरल्यामुळे ती मोकळी जागा फाटा वाटत नाही. बाहेरच्या कमानीच्या वरच्या अंगाला फूटभर रुंद उथळ चर, आणि गच्चीचा पाइप लांबवून कुंपणाकडेच्या चरात सोडला.

चारही ठिपक्यांवर थोडे मोठे धोंडे, त्यांना चुन्याचा हात. संध्याकाळी वळण दिसावं म्हणून. एक गवंडी, तीन मजूर, सात दिवस.

पुढचा पावसाळा

पहिल्या मोठ्या पावसानंतर अर्ध्या तासाने वाट मोकळी होती, एक जागा सोडून. उजवीकडच्या खालच्या वळणात, जिथे चौथी ओळ ठिपक्याखालून वळते, तिथे घोट्याएवढं डबकं. आकृती पुन्हा पाहिली की कारण लगेच कळतं : बाहेरच्या आणि मधल्या फेरीचं उजवं पाणी याच पिशवीत उतरतं, आणि तिच्या बुडाला खिंड ठेवलेली नव्हती. तीन दगड काढून, खडी भरून, तिथे वाट केली. तेव्हापासून पाणी थांबलेलं नाही.

तोंडातून सगळं पाणी एकत्र बाहेर पडत असल्याने तिथली कच धुऊन बोटभर खोल घळ पडली. तोंडाशी जमिनीलगत सपाट दगडांची ओळ आडवी बसवली, तेव्हा ती थांबली. २४०पैकी पंधराएक दगड हलले होते. खाली चीप मारून दिवाळीत सरळ केले. लव्हाळा कडेने आला, मध्ये नाही. विंचू दिसला नाही.

काकू सकाळी तीन वेळा आत-बाहेर करतात, जवळपास ८०० फूट चाल. मध्यात प्लास्टिकची खुर्ची ठेवली आहे. दुपारी तिच्याखाली कुत्रं झोपतं. काकांची तक्रार कायम आहे की वाट लवकर संपते. नातवंडं वाटेने चालतच नाहीत, दगडांवरून उड्या मारतात. ठिपक्यांचा एक धोंडा त्यात निखळला.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात स्वस्त सुधारणा फक्कीची होती आणि ती सहा महिने उशिरा झाली. मेमध्ये चार दिवस फक्कीवर चालून पाहिलं असतं तर गाळ्याचा गोंधळ आणि काठीची अडचण दगड येण्याआधीच कळली असती.

पाण्यासाठी मात्र फक्की पुरत नाही. नव्या जागेवर एक पावसाळा नुसतं पाहावं, काड्या रोवून. काम वर्षभर पुढे जातं हे खरं. इथे ते तसंही गेलं, वर दोन ट्रॉल्या धोंडे दोनदा वाहिले.

खालच्या पिशवीतली खिंड आखणीच्या कागदावरच सापडली असती. आकृतीवर उताराचा बाण काढावा आणि प्रत्येक ओळीच्या वरच्या अंगाला बोट ठेवून विचारावं, इथलं पाणी कुठे जाईल? तोंडापर्यंत उतरत जाण्याची वाट सापडली नाही, तर तिथे खिंड.

सात फेऱ्यांचा हट्ट मुळात चुकीचा होता, असं नाही. खाली मुरूम किंवा माळाची जमीन असती, चालणारे काठीविना असते, तर त्याच ३६ फुटांत २ फुटांच्या गाळ्याने सात फेऱ्या व्यवस्थित बसल्या असत्या. तिथे खुंट्यांचं गणित तेच राहतं : मुख्य खुंटी फुलीच्या टोकापासून १ फूट उजवीकडे, आणि त्रिज्या १, ३, ५ असं करत १५ फुटांपर्यंत. कोकणात जांभ्याच्या सड्यावर तर भरावाचीही गरज नाही, कारण कातळ फुगत नाही. पण तिथे चार महिने शेवाळाशी गाठ आहे आणि वाट खरबरीत ठेवावी लागते.

काका आता सात फेऱ्यांची आकृती शेतातल्या खळ्याच्या जुन्या जागेवर मांडायचं म्हणतात. तिथे खाली मुरूम आहे. या वेळी तुराटीच्या काड्या काकूंनी आधीच बांधून ठेवल्या आहेत.